मलबेरी रस्त्यावरील इटालियन भोजनगृहे

न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागाला तेथील रहिवासी ‘डाउनटाउन’ म्हणतात. डाउनटाउन म्हणजे खालचे शहर. या महानगराची पहिली वस्ती याच टोकाला झाली आणि पुढे देशोदेशींहून आलेल्या कित्येक लोकसमूहांनी अमेरिकेतील आपले पहिले बिऱ्हाडही येथेच थाटले. याच भागात मलबेरी, ग्रँड, हेस्टर आणि एलिझाबेथ अशा नावांचे काही अरुंद रस्ते आहेत. त्या वस्तीला ‘लिटल इटली’, म्हणजे धाकटी इटली, असे नाव पडलेले आहे. संध्याकाळ झाली की मलबेरी रस्त्यावरील भोजनगृहांपुढे हिरव्या, पांढऱ्या व लाल रंगांच्या पताका दिव्यांच्या उजेडात झळकू लागतात, पदपथावर टेबले मांडली जातात आणि दारात उभे असलेले वाढपी येणाऱ्या-जाणाऱ्यास आत येण्याचा आग्रह करतात.

आत बसलेल्या पाहुण्यापुढे प्रथम लसूण व लोणी लावून भाजलेला पाव येतो. मागोमाग एका मोठ्या थाळीत स्पॅगेटी येते. ती टोमॅटोच्या लालभडक रश्शात बुडालेली असते आणि तिच्यावर लिंबाएवढे, कधी त्याहूनही मोठे, खिम्याचे गोळे ठेवलेले असतात. अमेरिकेतील माणसाला इटालियन जेवण म्हटले की बहुधा हेच ताट आठवते. परंतु रोमहून किंवा नेपल्सहून नुकताच आलेला गृहस्थ मात्र हे ताट पाहून बुचकळ्यात पडतो. त्याच्या देशात स्पॅगेटी आहे, टोमॅटो आहे, खिम्याचे गोळेही आहेत; पण ही तिन्ही एकाच थाळीत, या आकाराने आणि या प्रमाणात, त्याने आपल्या घरी पाहिलेली नसतात. मग हे जेवण कोणाचे? त्याला खोटे म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर पाककृतींच्या पुस्तकात सापडत नाही. ते चाळीस लाखांहून अधिक माणसांच्या स्थलांतराच्या इतिहासात शोधावे लागते.

इटलीचे एकसंध राज्य १८६१ साली अस्तित्वात आले. त्यापूर्वी त्या भूमीवर अनेक लहानमोठी राज्ये नांदत होती. एकीकरणामुळे दक्षिणेकडील शेतकऱ्याचे दैन्य काही फिटले नाही. जमीन बड्या जमीनदारांच्या ताब्यात, पाऊस बेभरवशाचा, खेड्यापाड्यांत हिवतापाचा सुळसुळाट, अशा स्थितीत १८६९ पासून नव्या सरकारने धान्य दळण्यावरही कर बसविला. जो कर गिरणीच्या जात्यावर बसतो, तो गरिबाच्या प्रत्येक घासावर बसतो. हा कर १८८४ साली उठला, पण तोपर्यंत दक्षिणेतील गावेच्या गावे जहाजाची वाट धरू लागली होती. १८८० पासून पुढील चार दशकांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उतरली. त्यांतील फार मोठा भाग कंपानिया, कालाब्रिया, सिसिली अशा दक्षिणेकडील प्रांतांतला होता. १८९२ पासून न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर या उतारूंची तपासणी होत असे. तेथून सुटलेला माणूस पत्ता विचारीत विचारीत मलबेरी रस्त्यावर येई, कारण त्याच्या गावचा कोणीतरी तेथे आधीच राहत असे.

आरंभी येणारे बहुतेक पुरुष होते आणि एकटे होते. दोनचार वर्षे राबावे, पैसा साठवावा आणि गावी परत जावे, हा अनेकांचा बेत असे. आणि पुष्कळजण खरोखरच परत गेले. दगड फोडणे, रस्ते बांधणे, भुयारी रेल्वेसाठी बोगदे खणणे, ही त्यांची कामे. दिवसभर माती उपसून आलेल्या माणसाला रात्री गरम जेवण हवे आणि ते आपल्या चवीचे हवे. अशा वेळी ज्या थोड्या घरांत बायका होत्या, त्या घरांनी भाडेकरू ठेवले आणि त्यांच्या जेवणाची सोय केली. खोली एक, माणसे आठदहा, आणि चुलीवर एकच मोठे भांडे! डाउनटाउनमधील कित्येक इटालियन भोजनगृहांचे मूळ अशा घरगुती खाणावळीत आहे.

मराठी माणसाला हे चित्र परके वाटू नये. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले गिरणीकामगार असेच एकटे राहत आणि खाणावळवाल्या बाईच्या हातचे जेवीत. त्या बायकांच्या कष्टांकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कोठे हे काम लोकांच्या नजरेस आले. मलबेरी रस्त्यावरही असेच घडले. पुढे भोजनगृहाच्या पाटीवर नाव लागले ते बहुधा पुरुषाचे. पण चव घडविली ती पाटीवर नाव नसलेल्या आयाबायांनी.

आता प्रश्न असा की, या चुलीवर शिजत होते ते गावाकडचेच जेवण होते काय? येथे एक सर्वसाधारण समजूत दुरुस्त करावी लागते. दक्षिण इटलीतील गरीब शेतकरी गावी असताना रोज स्पॅगेटी आणि मांस खात नव्हता. त्याचे नित्याचे अन्न म्हणजे जाडाभरडा पाव, वाल किंवा हरभरे यांची आमटी, रानातली पालेभाजी, कांदा आणि असेलच तर थोडे ऑलिव्हचे तेल. मांस सणासुदीला. विकतची वाळवलेली शेवई हीसुद्धा पुष्कळ खेड्यांत मोठेपणाची वस्तू होती. आपल्या जमीनदाराच्या घरी काय शिजते, याचा वास त्याला ठाऊक होता. चव ठाऊक नव्हती.

अमेरिकेत मजुरी कमी असली तरी मांस स्वस्त होते, पीठ स्वस्त होते, साखर आणि कॉफी आवाक्यातली होती. गावाकडे वर्षातून चार वेळा जे घडे, ते येथे दर रविवारी घडू लागले. इटलीत खिम्याचे गोळे असतात, पण ते लहान असतात, त्यांत पावाचा चुरा पुष्कळ असतो आणि ते बहुधा स्वतंत्र पदार्थ म्हणून वाढले जातात. अब्रुझी प्रांतात शेवयांवर गोळ्या घालतात खऱ्या, पण त्या बोराहूनही बारीक असतात. अमेरिकेत पावाचा चुरा कमी झाला, मांस वाढले, गोळा फुगला आणि रविवारच्या रश्शात शिजून तो शेवयांवर जाऊन बसला. ज्या आईने आपल्या लहानपणी मांसाचा तुकडा भावंडांत वाटून खाल्ला होता, तिने मुलांच्या ताटात तीन तीन गोळे वाढले. खाद्यपदार्थांचे पंडित या थाळीला अडाणी म्हणतात. पण भूक मागे टाकून आलेल्या माणसाला आपल्या नव्या सुबत्तेचा पुरावा दुसरा कोणता देता आला असता?

टोमॅटोच्या तांबड्या रश्शाची हकीकतही अशीच आहे. हा रस्सा म्हणजे इटलीचा प्राण, असे मानले जाते. वास्तविक टोमॅटो हे मूळचे अमेरिका खंडातले फळ. मिरची आणि बटाटा ज्या खंडातून पोर्तुगीज जहाजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागले, त्याच खंडातून सोळाव्या शतकात स्पेनच्या वाटेने टोमॅटो इटलीत गेला. तेथे त्याला ‘पोमोदोरो’, म्हणजे सोन्याचे सफरचंद, हे नाव मिळाले. पुष्कळ काळ लोक त्याच्याकडे संशयानेच पाहत होते. टोमॅटोच्या चटणीची पहिली छापील कृती सतराव्या शतकाच्या अखेरीस आढळते, आणि शेवया व टोमॅटो यांची जोडी पाककृतींच्या ग्रंथांत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. म्हणजे मलबेरी रस्त्यावर जी परंपरा म्हणून ओळखली जाते, ती अमेरिकेस पोहोचली तेव्हा स्वतः फारशी जुनी नव्हती. टोमॅटो तर एका अर्थाने आपल्या माहेरीच परत आला होता, फरक इतकाच की आता तो डब्यात बंद होता.

या वस्तीत आणखी एक घटना घडली. इटलीहून आलेला माणूस आपण इटालियन आहोत असे क्वचितच म्हणे. तो नेपल्सचा असे, सिसिलीचा असे, किंवा केवळ आपल्या गावचा असे. मलबेरी रस्त्यावर नेपल्सकडची मंडळी राहत, तर एलिझाबेथ रस्त्यावर सिसिलीची. दोघांच्या बोली निरनिराळ्या आणि चुलीही निरनिराळ्या. परंतु दुकान एकच, शाळा एकच, आणि बाहेरच्या जगाने दोघांना ठेवलेले नावही एकच. हळूहळू नेपल्सवालीने सिसिलीवालीकडून वांग्याची कृती घेतली आणि सिसिलीवालीने नेपल्सचा रस्सा उचलला. ज्याला ‘इटालियन जेवण’ या एकाच नावाने ओळखावे, असे काहीतरी इटलीच्या आधी या परदेशातील गल्ल्यांत आकारास येऊ लागले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भोजनगृहातील पदार्थांचे पत्रक हाती घेतले की हा सारा इतिहास ओळीओळींतून वाचता येतो. ‘पार्मिजाना’ हा मूळचा वांग्याच्या कापांचा पदार्थ. काप तळावे, त्यांवर टोमॅटोचा रस्सा व चीज यांचे थर द्यावे आणि भट्टीत भाजावे. अमेरिकेत वांग्याच्या जागी वासराचे मांस आले आणि पुढे कोंबडीचे. ‘फेतुचीने आल्फ्रेदो’ या पदार्थाला आल्फ्रेदो दी लेलिओ या रोममधील भोजनगृहचालकाचे नाव आहे. त्याची कृती केवळ लोणी आणि पार्मेझान चीज यांची. मेरी पिकफर्ड व डग्लस फेअरबँक्स हे चित्रपटांतील नामांकित जोडपे १९२० साली मधुचंद्रासाठी रोमला गेले असता या पदार्थावर खूष झाले आणि त्याची कीर्ती अमेरिकेत पसरली. अमेरिकेतील आचाऱ्यांनी मग त्यात दाट साय घातली. ‘सीझर सॅलड’ या हिरव्या पानांच्या कोशिंबिरीचा संबंध रोमन सम्राटाशी नाही. सीझर कार्डिनी या इटालियन स्थलांतरिताने ती मेक्सिकोतील तिहुआना गावी १९२४ साली प्रथम केली, असे सामान्यतः मानले जाते.

पिझ्झा तर आज जगभर पोहोचला आहे. नेपल्समध्ये तो गरिबांचे रस्त्यावरचे खाणे होता. मलबेरी रस्त्याला छेदणाऱ्या स्प्रिंग रस्त्यावर जेन्नारो लोंबार्दी यांच्या दुकानात १९०५ पासून पिझ्झा विकला जाऊ लागला आणि परंपरेने हेच अमेरिकेतील पहिले पिझ्झागृह समजले जाते. नेपल्सची भट्टी लाकडावर पेटे. न्यूयॉर्कमध्ये दगडी कोळसा मुबलक, म्हणून येथे कोळशाची भट्टी आली. कडा अधिक खरपूस झाल्या आणि भाकरीचा घेर वाढला. ते दुकान १९८४ साली बंद पडले आणि १९९४ साली त्याच रस्त्यावर जवळच पुन्हा उघडले.

या जेवणाला आज मान आहे, पण तो सहज मिळालेला नाही. लसणाच्या वासावरून इटालियन मुलांना शाळेत चिडविले जाई. आहारशास्त्राच्या नावाखाली घरोघर फिरणाऱ्या परोपकारी बायका या स्त्रियांना उपदेश करीत की, मांस, भाजी आणि पीठ एकत्र शिजविल्यास पचत नाही, मसाला कमी करा, परदेशी चीज व तेलावर पैसे उधळू नका, दूध प्या. बायका ऐकून घेत आणि रात्री पुन्हा लसूण ठेचीत. देवळातही स्थिती निराळी नव्हती. कॅथलिक चर्चमध्ये आयरिश वंशाच्या धर्मगुरूंचे वर्चस्व होते आणि मॉट रस्त्यावरील ट्रान्सफिगरेशन चर्चमध्ये इटालियन भाविकांना प्रथम तळघरात प्रार्थना करावी लागे. नेपल्सचा संत जेन्नारो याचा उत्सव या लोकांनी १९२६ साली मलबेरी रस्त्यावर सुरू केला, त्यामागे ही सल होती. जेथे तळघर मिळाले, तेथे त्यांनी रस्ताच आपला केला. दर सप्टेंबरात हा उत्सव आजही भरतो, आणि मूर्तीच्या मिरवणुकीबरोबर भाजलेले सॉसेज, ढोबळ्या मिरच्या आणि पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले गोड गोळे यांची दुकाने लागतात. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याच्या जुन्या नेमामुळे शिंपल्यांची, कोळंबीची व माशांची पक्वान्नेही या पत्रकात पुष्कळ आहेत. नाताळच्या आदल्या रात्री माशांचे सात पदार्थ करण्याची प्रथा तर अमेरिकेतील इटालियन घरांत विशेष फोफावली. गोव्यातील ख्रिस्ती घरांना यात आपल्याच पंगतीची आठवण व्हावी.

मग बाहेरचे लोक या खाणावळींत शिरले कसे? प्रथम आले ते कमी पैशांत पोटभर जेवू पाहणारे चित्रकार व लेखक. खरी गर्दी लोटली ती दारूबंदीच्या काळात. १९२० ते १९३३ पर्यंत अमेरिकेत मद्यविक्रीला बंदी होती. पण घरच्या वापरासाठी फळांचा रस काढण्यास कायद्याने वाव ठेवला होता. इटालियन घरांत द्राक्षे पिळून पिंपे भरण्याची रीत होतीच. जेवणाबरोबर चहाच्या पेल्यातून चोरून मिळणाऱ्या वाइनच्या ओढीने प्रतिष्ठित गिऱ्हाईक तळघरातल्या खाणावळीत आले आणि बसल्या बसल्या स्पॅगेटीही शिकले. चौकड्यांचा टेबलक्लॉथ आणि गवताने मढविलेल्या रिकाम्या बाटलीच्या तोंडात खोचलेली मेणबत्ती ही सजावट याच सुमारास रूढ झाली. गिऱ्हाइकाला जशी इटली हवी होती, तशी ती भिंतीवर रंगविण्यात आली. न्यूयॉर्कच काय, पण क्लीव्हलँड शहरातही हेच घडत होते. तेथे पियाचेंत्साहून आलेल्या एत्तोरे बोयार्दी या आचाऱ्याच्या भोजनगृहातील रस्सा गिऱ्हाइके बाटल्यांतून घरी नेऊ लागली. १९२८ पासून त्याने त्याचा कारखानाच काढला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याचे डबे सैनिकांच्या शिध्यात गेले.

आता या भोजनगृहात गेलेल्या माणसाने पदार्थ मागवावे कसे, हेही पाहू. इटलीतील पूर्ण जेवण क्रमाने चालते. प्रथम ‘आंतिपास्तो’. पास्तो म्हणजे भोजन. त्याच्या आधीचे ते आंतिपास्तो. यात चीज, ऑलिव्ह, मुरविलेल्या भाज्या व मांसाचे पातळ काप येतात. मग ‘प्रीमो’, म्हणजे पहिले: शेवया, भात किंवा सूप, तेही बेताचे. त्यानंतर ‘सेकोंदो’, म्हणजे दुसरे: मासा किंवा मांस, आणि त्याच्या सोबतीला ‘कोंतोर्नो’, म्हणजे भाजी. शेवटी ‘दोल्चे’, अर्थात गोड. अमेरिकन भोजनगृहाने ही पंगत मोडून पहिले व दुसरे एकाच थाळीत घातले. म्हणून तेथे एका थाळीत दोघे जेवतात आणि तरी काही उरते. इटलीत बसण्याबद्दल आणि पावाबद्दल ‘कोपेर्तो’ नावाची लहानशी रक्कम बिलात लावतात. न्यूयॉर्कमध्ये ती नसते, पण वाढप्याचा पगार बराचसा बक्षिसीवर अवलंबून असल्याने बिलाच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम वेगळी द्यावी लागते. ही बक्षिसी म्हणजे कृपा नव्हे, ती त्याची मजुरी आहे.

शेवई शिजविण्याविषयी ‘आल देंते’ हा शब्दप्रयोग कानी पडतो. देंते म्हणजे दात. आपला दात, संस्कृतातील दंत आणि इटालियन देंते हे एकाच भाषाकुळातले सख्खे नातलग. शेवई इतकी शिजावी की दाताला तिने किंचित दाद देऊ नये. तिचा लगदा होता कामा नये. हे जमते, कारण ती ड्युरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्यापासून केलेली असते. इंदूरच्या बाजूचा माळवा या गव्हासाठी प्रसिद्ध आहे, आणि बेळगावकडे पिकणारा खपली गहू ज्या जातीचा, त्याच जातीचा गहू इटलीत ‘फार्रो’ या नावाने सूपात शिजवितात. स्पॅगेटी या शब्दाचा अर्थ बारीक सुतळ्या एवढाच. उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळत घालणाऱ्या आपल्या आज्यांना तो कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

एवढे सारे असूनही मलबेरी रस्त्याच्या कथेत एक खंत आहे. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने इटलीहून येणाऱ्यांची संख्या वर्षाला ३,८४५ इतकी मर्यादित केली. जेथे पूर्वी लाखो येत, तेथे हजारांचा हिशेब आला. आधी आलेल्यांची मुले शिकली, नोकरीधंद्यास लागली आणि अंधाऱ्या खोल्या सोडून ब्रुकलिन, क्वीन्स व त्यापलीकडील मोकळ्या उपनगरांत गेली. हे त्यांच्या कष्टांचे यशच होते. १९६५ साली राष्ट्रवार मर्यादेची जुनी पद्धत रद्द झाली, तेव्हा शेजारच्या चिनी वस्तीत नवी माणसे आली आणि ती वस्ती कॅनॉल रस्ता ओलांडून पसरली. १९५० साली लिटल इटलीच्या मध्यभागी इटलीत जन्मलेली दोन हजारांहून अधिक माणसे राहत होती. २०१० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत अशी एकही व्यक्ती तेथे आढळली नाही. ज्या ट्रान्सफिगरेशन चर्चच्या तळघरात इटालियनांनी प्रार्थना केली, तेथे आज चिनी भाषांत मिस्सा होते. वस्ती गेली, पताका राहिल्या. जेवणारे बहुतेक प्रवासी, आणि न्यूयॉर्कच्या भोजनगृहांच्या मुदपाकखान्यात राबणारे कित्येक आचारी मेक्सिको, एक्वादोर अशा देशांतून आलेले. शंभर वर्षांपूर्वीच्या नेपल्सच्या मजुरासारखाच त्यांचाही पैसा महिनाअखेर गावी जातो.

दरम्यान इटलीच्या प्रांतोप्रांतीचे खरे जेवण अमेरिकेला शिकविणारेही पुढे आले. मार्चेल्ला हाझान या विदुषीने न्यूयॉर्कमध्ये पाकशिक्षणाचे वर्ग चालविले आणि १९७३ साली तिचे पहिले पुस्तक निघाले. उत्तरेकडील लोणी, भात व मक्याच्या पिठाचे पदार्थ शहरातील महाग भोजनगृहांत आले. तेव्हापासून मलबेरी रस्त्यावरील तांबड्या रश्शाला नाक मुरडण्याची चाल पडली. खुद्द इटलीच्या पाककलेला डिसेंबर २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. हा गौरव यथायोग्य आहे. मात्र त्या गौरवाच्या उजेडात परदेशी गेलेल्या गरिबांच्या चुलीला नकली ठरविणे न्याय्य होणार नाही. माणूस घर सोडतो तेव्हा आपली कृती बरोबर नेतो. पण पाणी, पीठ, जळण आणि शेजार नेऊ शकत नाही. नव्या जागी जे मिळते त्यात तो आठवण शिजवितो. त्यातून जे तयार होते ते तिसरेच, आणि तेही खरेच असते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांना हे वेगळे सांगावयास नको. इंदूरला पोहे वाफेवर ठेवतात, त्यांवर शेव व जिरावण पडते आणि सोबत जिलबी येते. बडोद्यात उसळीवर शेवेचा डोंगर चढतो आणि तिखट तर्रीबरोबर पाव येतो. पुण्याचा पाहुणा म्हणेल, हे आमचे नव्हे. त्याचे म्हणणे चूक नाही. पण ते त्या गावच्या मराठी माणसाचे आहे, हेही तितकेच खरे. भेद इतकाच की इंदुरात आणि बडोद्यात ते पदार्थ रोज सकाळी गावकरीच खातात, म्हणून ते जिवंत आहेत आणि बदलतही आहेत. मलबेरी रस्त्यावरचा पदार्थ मात्र पाहुण्याच्या अपेक्षेप्रमाणे एका जागी थांबला आहे, कारण त्याला नावे ठेवणारी आणि सुधारणारी शेजारीण आता वरच्या मजल्यावर राहत नाही.

तरीही ग्रँड रस्त्यावर १८९२ साली सुरू झालेल्या फेरारा यांच्या मिठाईच्या दुकानात आजही गोड चीज भरलेल्या खुसखुशीत नळ्या मिळतात, आणि उपनगरांत गेलेल्या कुटुंबांची नातवंडे सणाच्या दिवशी त्या घेण्यासाठी येतात. डाउनटाउनमध्ये जेवावयास जाणाऱ्याने म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पदार्थ इटलीत असाच करतात काय, हा एक प्रश्न. आणि हा पदार्थ कोणाच्या भुकेतून जन्मला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले तरी दुसऱ्याचे उत्तर ताटातच असते. ते ज्याला कळले, त्याने त्या तीन गोळ्यांकडे पाहून हसण्याचे कारण नाही.